वाढत्या अंगाच्या स्की

हेग्सेत, २० फेब्रुवारी १९८३

आयविंद,

स्की पोचल्या. आर्नफिनने त्याच्या बसच्या टपावरून स्वतः उतरवून माझ्या दुकानात आणून दिल्या, आणि एरवी कॉफीला थांबतो तो थांबला नाही. त्या कुणाच्या, हे त्याला सांगावं लागलं नाही. योस्टाइनच्या लाल स्की या गावात सगळे ओळखतात.

दोरीला बांधलेली चिठ्ठीही वाचली. 'इंगविलसाठी. सहलीआधी तयार कर. या वेळी मेण नीट लाव.' तुझ्या योस्टाइनला जाऊन चार वर्षं होतील, आणि एवढ्या काळात तू मला लिहिलेलं हे सगळ्यात लांब पत्र.

उत्तर सरळ देते. या स्की मी इंगविलला देणार नाही.

सहलीला माझी हरकत नाही. शाळेची मुलं दर वर्षी ईस्टरच्या सुट्टीआधी पठार ओलांडून लांगवानच्या कुटीवर जातात, आणि ज्या वाटेवर भाऊ हरवला तिथे बहिणीने कधीच जाऊ नये असं मी मानत नाही. सप्टेंबरपासून ती, आधी भाऊ राहायचा तशी, शाळेसाठी माझ्याकडे राहते, तिला मी रोज बघते. चढावर दम चांगला आहे. उतारावर घाबरते आणि घाबरली की ताठ होते. अशा मुलीला आखूड, रुंद, मऊ कमानीच्या आणि पोलादी कडांच्या स्की लागतात. मार्चअखेरीला पठारावर एका दिवसात बर्फाचे तीन फोरे, तीन तऱ्हा मिळतात: सकाळी काचेसारखा कडक बर्फ, वाऱ्याच्या आडोशाला भुसभुशीत, दुपारी ओला चिखल. तिन्हींत जी चालेल ती स्की घ्यायची. तू पाठवलेल्या स्की अरुंद आणि लांब आहेत. आखलेल्या, दाबलेल्या वाटेवर शर्यतीत धावणाऱ्या तगड्या माणसासाठी त्या बनवल्यात.

तू म्हणशील, हात वर केला की टोक बरोबर मनगटाला लागतं. लागतं. इंगविल आता तिच्या भावाएवढी उंच झाली आहे. पण हात वर करून माप घ्यायची रीत आपल्या वडिलांच्या काळातली. तेव्हा स्की लाकडाच्या होत्या. लाकूड माणसाला समजून घेतं. हे नवं फायबर घेत नाही. त्याला तुमची उंची नको असते, वजन हवं असतं.

मेणाबद्दल तू लिहिलंस. त्यावर मला काही म्हणायचं नाही.

बोर्गहिल्ड


हेग्सेत, ६ मार्च

आयविंद,

तू मला उत्तर न देता इंगविलला लिहिलंस. तिने पत्र दाखवलं. 'तुझ्या भावाची राहिलेली वाट तू त्याच्याच स्कीवरून पुरी कर, म्हणजे मला शांत वाटेल.' हे अठरा वर्षांच्या मुलीला लिहिण्याआधी एखाद्याला वाचून दाखवलं असतंस तर बरं झालं असतं. पण तुझ्या घरात आता कुणी नाही.

पत्र आल्यापासून ती दुकानात येते ती थेट त्या स्कीपाशी. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तिने त्या भिंतीवरून काढल्या आणि शेजारी उभी राहून हात वर केला.

"आत्या, हे बघ. तंतोतंत."

"मापाला तंतोतंत. भाराला नाही. घाल बूट आणि उभी राहा."

मी फरशीवर तिच्या पायाखाली कागद सरकवला. ही परीक्षा तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. दोन्ही पायांवर उभं राहिलं की स्कीची कमान उचललेली राहते आणि कागद मोकळा सरकतो. म्हणजे स्की धावेल. सगळा भार एका पायावर टाकला की कमान दबली पाहिजे आणि कागद अडकला पाहिजे. म्हणजे पायाखालचं मेण बर्फाला टेकेल, पकड येईल, चढ चढता येईल.

"उचल उजवा पाय. अजून. आता सगळी त्या एका पायावर ये."

तिने पाय उचलला, दात आवळले. कागद मी दोन बोटांनी ओढला तर सरळ बाहेर आला, दाराखालून चिठ्ठी यावी तसा.

"बघितलंस? तुझ्या वजनाला ही भीकसुद्धा घालत नाही. मेण हवेत राहणार, आणि तू चढावर पाय मारत जागच्या जागी."

"मग मी जाड होते. लोणी वाढ जरा सढळ हाताने. या घरात ते कधी दिसत नाही."

"सहलीपर्यंत तू एक बकरी खाल्लीस तरी पुरणार नाही."

"पाठीवरच्या पिशवीत दगड भरीन."

"विनोद असेल तर हसते. नसेल तर खाली उतर."

ती उतरली नाही. मग म्हणाली, "पप्पांना काय सांगू?"

"आत्या नाही म्हणाली, असं सांग."

"तू नाही म्हटलेलं त्यांना चालणार नाही. त्यांना वाटतं तू त्या दिवशी..." तिथे ती थांबली आणि बुटाची नाडी सोडायला लागली.

मी तिला माझ्या भाड्याच्या स्कींतली एक जोडी दाखवली, माशाच्या खवल्यांसारखा तळ असलेली. तिला मेण लागतच नाही, खवले बर्फ धरतात. अतिथंड नसेल तर कुठल्याही फोऱ्यात चालते. तिने ती बोटाने लोटून दिली. "म्हातारीच्या स्की." गावातली सगळी तरुण मुलं त्यांना हेच म्हणतात.

अजून एक गोष्ट. लिहावी की नाही याचा विचार केला, आणि लिहिते, कारण मला ती मनात ठेवायची नाही. स्कीची जोडी तळाला तळ लावून ठेवली की कमानीमुळे मधे फट राहते. या जोडीची फट एवढी रुंद की तिच्यातून माझी मूठ जाते. दोन्ही हातांनी आवळूनही ती मिटत नाही. गुरुवारी सकाळी दुकान उघडलं तर ती मिटलेली होती. जणू कुणीतरी पूर्ण भार देऊन उभं होतं. दुपारपर्यंत पुन्हा उघडली. शेगडीची ऊब आणि रात्रीची थंडी यांनी असं होत असेल. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुठल्या जोडीचं झालं नव्हतं.

इंगविलनेही ते पाहिलं. जाताना भिंतीकडे बघून 'येते' म्हणाली, आणि मी तर मागच्या खोलीत होते.

बोर्गहिल्ड


हेग्सेत, १३ मार्च

आयविंद,

तुझं कार्ड मिळालं. 'स्की चांगल्या होत्या. शहरातल्या सर्वांत चांगल्या. वाईट होतं ते तुझं मेण. पुन्हा चूक करू नकोस.'

ठीक. आता ऐक.

त्या दिवशी बरोबरच्या मुलांनी सांगितलं ते तुला पाठ आहे. योस्टाइन सारखा मागे पडत होता, सारखा थांबून मेण लावत होता, शेवटी म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मेण लावून आलोच. मग धुकं आलं. मे महिन्यात बर्फ उतरला तेव्हा तो लांगवान तळ्याच्या काठी सापडला, आणि त्याच्या स्की शेजारी नीट उभ्या रोवलेल्या होत्या. तू त्यावरून हिशेब मांडलास की आत्याने सकाळी चुकीचं मेण लावलं. दफनाच्या दिवशी तू तो चर्चच्या पायरीवर सगळ्यांसमोर बोलून दाखवलास. पुढचा अख्खा हिवाळा गावातलं एक माणूस माझ्याकडे मेण लावून घ्यायला आलं नाही.

मी तेव्हा काही बोलले नाही. माझ्यावर राग धरून तुला उभं राहता येत असेल तर राहा, असं मी ठरवलं होतं. माझ्यापुरतं ते चालत होतं. पण आता त्याच स्की तू तुझ्या मुलीच्या पायात घालायला निघालास, कारण तुझ्या हिशेबात दोष मेणाचा आहे आणि स्की निर्दोष. म्हणून बोलते.

तू त्या स्की तशाच गॅरेजमध्ये ठेवल्यास. तळ कधी उलटून पाहिला नाहीस. मी पाहिला, त्या आल्या त्याच संध्याकाळी. मेण जेव्हा काम करतं तेव्हा ते झिजतं. बर्फ त्याला खातो. पठारावर अर्धा दिवस चाललेल्या माणसाच्या पायाखाली ते पुसट झालेलं असतं. याच्या पायाखाली ते जसंच्या तसं आहे. मी लावलेलं थंडीचं निळं, त्यावर त्याने खिशातल्या डबीतलं ओल्या बर्फाचं जांभळं, त्यावर पुन्हा जांभळं, थरावर थर. एकही झिजलेला नाही. बर्फाला ते कधी टेकलंच नाही, आयविंद. तिथे जगातलं कुठलंही मेण लावलं असतं तरी तो मागेच घसरला असता.

वरच्या थरात त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे. हातमोजा काढून त्याने मेण चोळलं. तू म्हणतोस, तळ खरवडून साफ कर. मी पट्टी हातात घेऊन उभी राहिले आणि परत ठेवली.

मग मला प्रश्न पडला, या स्की आहेत तरी कुणासाठी. दुकानात येईल त्याला मी त्यांच्यावर उभं करायला लागले. सुताराच्या पायाखालून कागद निघाला. शाळेतला व्यायामाचा मास्तर, चांगला आडदांड, त्याच्याही निघाला. शुक्रवारी आर्नफिनला पकडला.

"मी नाही त्याच्यावर उभा राहायचा," तो म्हणाला.

"बस चालवतोस, आणि दोन लाकडांना घाबरतोस?"

"लाकडं असती तर घाबरलो नसतो."

पण राहिला. दोन्ही पायांवर उभा राहिला, कागद सरकला. एका पायावर आला, कागद अडकला. ओढला तर फाटला असता. अगदी हवं तसं. आर्नफिन घाईने उतरला, टोपी घातली आणि जाता जाता दारातून म्हणाला, "आयविंद आणि मी कोट बदलून घालायचो, आठवतं ना तुला? एकच माप आमचं."

तो गेल्यावर मी बाकावर बसले. नाताळची भेट होती. मुलाला कळू नये म्हणून तू एकटा दुकानात गेलास. विक्रेत्याने वजन विचारलं असणार. योस्टाइन तेव्हा काठीसारखा होता. तू काय सांगितलंस? की स्वतःच त्यांच्यावर उभा राहिलास?

आपल्याकडे मुलांना सगळंच वाढत्या अंगाचं घेतात. स्वेटर, बूट, सायकल. स्वेटरच्या बाह्या दुमडता येतात.

त्या स्की तुझ्या आहेत, आयविंद. पहिल्या दिवसापासून तुझ्याच होत्या.

बोर्गहिल्ड


हेग्सेत, २० मार्च

आयविंद,

तुझं उत्तर नाही. मी वाटही बघितली नव्हती. पण तुला अजून एक सांगायचं राहिलंय, आणि सहल शनिवारवर आली आहे.

काल मी चर्चच्या बैठकीला गेले असताना इंगविल त्या स्की घेऊन मागच्या टेकडीवर गेली. परत आली ती हात खिशात घालून. जेवताना चमचा धरता येईना तेव्हा पाहिलं. दोन्ही तळव्यांना फोड येऊन फुटले होते. पायाला पकड नाही म्हणून सगळं अंग काठ्यांवर ओढत चढली होती. घरामागची टेकडी. जिच्यावर लहान मुलं चढतात.

मी मलम लावत होते. ती म्हणाली, "छान चालल्या. सवय झाली की जमेल."

"खोटं बोलायला कुठे शिकलीस?"

"खोटं नाही. थोडं कठीण आहे एवढंच. पप्पांना लिहू नकोस हं."

"का?"

"त्यांना वाईट वाटेल. त्यांनी एवढ्या प्रेमाने घेतल्या होत्या."

आयविंद, हेच वाक्य मी याआधी त्याच खोलीत ऐकलं होतं.

त्या सकाळी योस्टाइन मेण लावून घ्यायला आला तेव्हा मी त्याला त्यांच्यावर उभं केलं होतं. कागद निघाला. मी म्हटलं, या घेऊन पठारावर जाऊ नकोस, माझ्या खवल्यांच्या घे, आज दुपारी ऊन चढणार आहे. तो हसला. त्याला कळलं होतं. नाताळपासून तो त्यांच्यावर रोज धडपडत होता, कळणार नाही कसं. म्हणाला, "आत्या, पप्पा संध्याकाळी फोन करून पहिल्यांदा हेच विचारतील, स्की कशा चालल्या. मला त्यांच्याशी खोटं बोलता येत नाही. आणि खरं सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल. एवढ्या प्रेमाने घेतल्यात." मी आणखी एकदा सांगितलं, जरा चढ्या आवाजात. मग त्याच्या खिशात जांभळ्या मेणाची डबी टाकली, कारण तो जाणारच होता.

डोंगरातून मागे फिरण्यात लाज नाही, हे आपल्या प्रत्येक मुलाकडून शाळेत पाठ करून घेतात. त्यालाही पाठ होतं. तो मागे फिरला असता. पहिल्या मोठ्या चढावरच फिरला असता. मागे फिरून तुला फोनवर काय सांगायचं, ते त्याला सुचलं नाही.

हे मी तुला कधीच सांगणार नव्हते.

इंगविलला मी कोंडून ठेवू शकत नाही. स्की लपवल्या तर ती शोधेल. मी काहीही म्हटलं तरी ते मेणवाल्या आत्याचं बोलणं ठरतं. तिला फक्त तुझं ऐकायचंय. मी फोन केला की तू माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. तिने केला तर ती तुला 'छान चालल्या' सांगेल. म्हणून कागदावर लिहितेय आणि हे पत्र आर्नफिनबरोबर उद्याच्या पहिल्या गाडीला देतेय.

शुक्रवारी गाडी आहे. ये.

बोर्गहिल्ड


हेग्सेत, ६ एप्रिल

प्रिय आयविंद,

तू गेल्याला आठवडा झाला. जे घडलं ते लिहून ठेवते आणि तुलाच पाठवते, कारण मी तुला ओळखते. वर्षभरात तू या गोष्टीची काहीतरी वेगळीच हकीकत करशील आणि तीच खरी मानशील.

शुक्रवारी तू आलास. मला वाटलं त्यापेक्षा म्हातारा झालास. मी कॉफी ओतली, तू कोट काढला नाहीस. भिंतीपाशी गेलास, स्की खाली घेतल्यास, तळ उजेडाकडे केलास आणि ठशावर आपला अंगठा ठेवलास. मी मागच्या खोलीत जाऊन फडताळ आवरलं. ते आवरलेलंच होतं.

इंगविल शाळेतून आली. तुला बघून तिने हात पाठीमागे घेतले.

"दाखव," तू म्हणालास.

"काही नाही पप्पा, जरासं सोललंय."

"दाखव म्हटलं ना."

तिने दाखवले. आता तू बोलशील असं मला वाटलं, की माझं चुकलं, या स्कीनेच आपला योस्टाइन गेला. ते तुझ्याच्याने झालं नाही. तू म्हणालास, "इंगविल, या स्की माझ्या आहेत. मी माझ्या मापाच्या घेतल्या होत्या. मला त्या परत हव्यात."

एवढंच. पण तिचे खांदे असे खाली आले, जणू कुणी पाठीवरची पिशवी काढून घेतली. ती म्हणाली, "घ्या. मला त्या मुळीच आवडल्या नव्हत्या." आणि मग ती रडली, आणि तू तिच्याकडे न बघता मला विचारलंस, "हिला कुठल्या लागतील?"

चार वर्षांत तू मला विचारलेला पहिला प्रश्न. मी म्हटलं, "म्हातारीच्या."

शनिवारी सकाळी ती मुलांबरोबर निघाली. तू अंगणात तिच्या पिशवीचे पट्टे ओढून घट्ट केलेस आणि म्हणालास, "कुठूनही परत फिर. हवं तर पहिल्या वळणावरून. मी काही विचारणार नाही." मी ते दारातून ऐकलं. तुला हे बोललेलं आठवत नाही असं तू नंतर म्हणालास. बोललास.

ऊन चढलं, बर्फ ओला झाला, दुपारी पठारावर ढग उतरले. तू खिडकीशी होतास. मी दोन गिऱ्हाइकांना स्की दिल्या, तिसऱ्याला उगाच रागावले. कॉफीच्या वेळेला ती आली. आणखी दोन मुली तिच्याबरोबर मागे फिरल्या होत्या, त्या आपापल्या घरी गेल्या. बाकीची मुलं कुटीवर पोचली, तीही सुखरूप.

ओले मोजे तिने शेगडीवर टाकले. "पुढचं दिसेना, म्हणून फिरले."

"लाज वाटली?" तू विचारलंस.

"भूक लागली," ती म्हणाली.

मी तिला मटणाचं सार वाढलं. ती जेवायला बसली. तू मात्र तिला घ्यायला गेलास तो दारातच उभा होतास, एक हात चौकटीवर ठेवून, आणि गार वारा थेट टेबलापर्यंत येत होता. दार लाव, असं मी म्हणणार होते. मग तू योस्टाइन गेला त्या वाटेकडे बघतो आहेस ते पाहिलं, आणि म्हटलं नाही. इंगविलने आपला कोट ओढून अंगावर घेतला आणि तशीच जेवत राहिली. पठार निळं झालं, मग काळं. आपण तिघांनी दार उघडंच ठेवलं.

कुणी आलं नाही. मग तू ते लावलंस. मी नाही, इंगविलने नाही. तूच लावलंस, हे मी इथे लिहून ठेवते.

तुझी बहीण,
बोर्गहिल्ड